निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा खर्च : इंग्लंडमधील वैद्यकीय दावे आणि कायदेखर्च विमा (१९४९–२०१९)

प्रस्तावना

न्यायालयांचे निकाल हे सामाजिक इतिहासाचे विश्वसनीय साधन मानले जाते. त्याची एक मर्यादा मात्र आपण सहसा लक्षात घेत नाही. जो दावा दाखलच झाला नाही, त्याचा कागद कोणत्याही दप्तरखान्यात सापडत नाही. दावा दाखल न होण्याची कारणे अनेक असतात. कोणाला भीती वाटते, कोणाला माहिती नसते, कोणी प्रारब्ध म्हणून गप्प बसतो. परंतु सर्वांत साधे आणि इतिहासकारांनी सर्वांत कमी अभ्यासलेले कारण म्हणजे पैसा. प्रस्तुत निबंधात इंग्लंड व वेल्समधील वैद्यकीय निष्काळजीपणाच्या दाव्यांचा खर्च वेळोवेळी कोणी उचलला, आणि त्यात 'कायदेखर्च विमा' या व्यवस्थेला कोणते स्थान मिळाले, याचा मागोवा घेतला आहे. स्कॉटलंडची न्यायव्यवस्था स्वतंत्र असल्याने तिचा विचार येथे केलेला नाही.

कायदेखर्च विमा म्हणजे वकिलाचे शुल्क, तज्ज्ञांच्या अहवालांचा खर्च आणि दावा हरल्यास प्रतिपक्षाला द्यावा लागणारा खर्च यांची तरतूद करणारा विमा. त्याचे दोन प्रकार आहेत. घटना घडण्यापूर्वी, बहुधा घराच्या किंवा मोटारीच्या पॉलिसीला जोडून घेतला जाणारा तो घटनापूर्व विमा. आणि इजा होऊन गेल्यावर, दावा लढण्याचे ठरल्यावर घेतला जाणारा तो घटनोत्तर विमा. या दोहोंचा इतिहास सामान्यतः विमा व्यवसायाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो मुळात राज्यसंस्थेच्या माघारीचा इतिहास आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

खर्च नेमका कशाचा?

वैद्यकीय दाव्याचा खर्च इतर दाव्यांपेक्षा वेगळा का, हे समजून घेतल्याशिवाय पुढील इतिहास समजत नाही. १९५७ च्या बोलम खटल्यात न्यायमूर्ती मॅकनेर यांनी ज्यूरीला दिलेल्या मार्गदर्शनातून पुढे प्रमाण ठरलेली कसोटी निर्माण झाली. त्या शाखेतील जबाबदार वैद्यकीय मताला मान्य असलेल्या पद्धतीनुसार डॉक्टर वागला असेल, तर त्याला निष्काळजी म्हणता येत नाही. १९९७ च्या बोलिथो निकालाने त्या मताला तर्काचा आधार असला पाहिजे अशी पुस्ती जोडली. मूळ परिणाम मात्र कायम राहिला. डॉक्टर चुकला की नाही, हे दुसऱ्या डॉक्टरनेच सांगावयाचे.

एवढ्यावर भागत नाही. कर्तव्यात कसूर झाली हे दाखवल्यानंतर त्या कसुरीमुळेच इजा झाली हेही स्वतंत्रपणे दाखवावे लागते. प्रसूतीच्या वेळी मेंदूला इजा झालेल्या बालकाच्या आईचे उदाहरण घ्यावे. कळा फार वेळ चालल्या, धावपळ झाली, बाळ रडले नाही, एवढेच तिला ठाऊक असते. बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांचा आलेख वाचण्यात चूक झाली काय, हे प्रसूतितज्ज्ञ सांगणार. प्रसूती अर्धा तास आधी झाली असती तर मेंदू वाचला असता काय, हे नवजात बालकांचा तज्ज्ञ आणि मेंदूच्या प्रतिमा वाचणारा तज्ज्ञ सांगणार. हे अहवाल हाती येईपर्यंत ती बाई वादी झालेली नसते; आपल्याला दावा आहे की नाही, हेच तिला माहीत नसते. इतर दाव्यांत वादीला आपले गाऱ्हाणे ठाऊक असते आणि पैसा ते मांडण्यासाठी लागतो. येथे पैसा आधी गाऱ्हाणे आहे काय, हे कळण्यासाठीच लागतो. प्रस्तुत निबंधाचा सारा रोख या एका गोष्टीवर आहे.

त्यात भर पडते ती हरलेल्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा या इंग्लिश नियमाची. समोरचा पक्षही दुबळा नसतो. इंग्लंडमधील डॉक्टरांनी 'मेडिकल डिफेन्स युनियन' ही परस्परसंरक्षणाची संस्था १८८५ मध्येच स्थापन केली होती. १९९० पासून राष्ट्रीय आरोग्य सेवेतील रुग्णालयांच्या डॉक्टरांविरुद्धच्या दाव्यांची जबाबदारी सेवेनेच घेतली, आणि १९९५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र दावा प्राधिकरण स्थापन झाले. २०१७ पासून ते 'एनएचएस रेझोल्यूशन' या नावाने काम करू लागले. थोडक्यात, बचावाची सामूहिक तरतूद फार आधी झाली, आक्रमणाची नाही.

परक्याच्या दाव्यात पैसा

ती का झाली नाही, याचे एक उत्तर मध्ययुगात आहे. ज्याचा दावा नाही त्याने दुसऱ्याच्या दाव्याला पैसा पुरवणे, आणि त्या बदल्यात मिळकतीत हिस्सा घेणे, या दोन्ही गोष्टी इंग्लंडमध्ये निषिद्ध होत्या. १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्यातच राजाच्या अधिकाऱ्यांनी असे हिस्से घेण्यास मनाई केलेली आढळते. सरदारांनी आपल्या आश्रितांमार्फत प्रतिस्पर्ध्यांना न्यायालयात छळावे, ही त्या काळची खरी भीती होती. भीतीचे कारण संपल्यावरही नियम शतकानुशतके टिकला. १९६७ च्या फौजदारी कायद्याने तो गुन्हा म्हणून रद्द केला; तरी असा करार लोकनीतीच्या विरुद्ध ठरू शकतो, हे तत्त्व राखून ठेवले.

येथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. ज्या इंग्लंडने हा नियम इतका जपला, त्याच इंग्लंडच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७६ मध्ये रामकुमार कुंडू यांच्या खटल्यात हा इंग्लिश नियम हिंदुस्थानात जसाच्या तसा लागू नाही असे ठरवले. दाव्याला पैसा पुरवण्याचा न्याय्य करार येथे मुळातच अवैध नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २५ मध्ये दुरुस्ती करून, दाव्यातील मालमत्तेत हिस्सा घेऊन वादीला पैसा पुरवणाऱ्या त्रयस्थाला पक्षकार करून त्याच्याकडून खर्चाची हमी मागण्याची सोय केली. म्हणजे अशा त्रयस्थाचे अस्तित्व गृहीतच धरले आहे. ही वाट येथे मोकळी असूनही तिच्यावर रुग्ण का दिसला नाही, या प्रश्नाकडे शेवटी येऊ.

राज्याने उचललेला भार

राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी, लॉर्ड रशक्लिफ समितीच्या १९४५ च्या अहवालाच्या आधारे, कायदेविषयक साहाय्याचा कायदा संमत झाला. १९५० च्या ऑक्टोबरपासून उच्च न्यायालयातील दिवाणी दाव्यांसाठी साहाय्य मिळू लागले. उपचार राज्याने द्यावा आणि उपचारात चूक झाल्यास दाद मागण्याचा खर्चही राज्यानेच द्यावा, अशी ही जोडगोळी होती. आरंभी सुमारे ८० टक्के लोकसंख्या उत्पन्नाच्या दृष्टीने पात्र होती असे सामान्यतः सांगितले जाते. साहाय्य मिळण्यापूर्वी वकिलांची स्थानिक समिती दाव्यात तथ्य आहे काय हे पाहत असे. साहाय्य घेतलेला वादी हरला, तर प्रतिपक्षाच्या खर्चापासूनही त्याला बहुतांशी संरक्षण मिळे.

या व्यवस्थेचा शेवट एका निर्णयाने झाला नाही. उत्पन्नाची मर्यादा महागाईमागे पडत गेली आणि ती आतून पोखरली. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत चित्र असे दिसते की अतिगरिबाला साहाय्य मिळे, श्रीमंताला त्याची गरज नसे, आणि शिक्षक, कारकून, छोटा दुकानदार हा वर्ग दोहोंच्या मध्ये अडकलेला असे. बालकांच्या बाबतीत मात्र १९९० मध्ये महत्त्वाचा बदल झाला. बालकाच्या दाव्यात आईवडिलांचे नव्हे तर बालकाचे स्वतःचे उत्पन्न पाहण्याचे ठरले. अर्भकाला उत्पन्न कोठले? त्यामुळे जन्मवेळच्या इजांच्या दाव्यांना राज्याचे दार जवळजवळ पूर्ण उघडले गेले. ते दार इतर सर्व दारे बंद झाल्यावरही उघडे राहिले, हे पुढे दिसेल.

मोटारीपासून घराच्या पॉलिसीपर्यंत

कायदेखर्च विम्याचा जन्म रुग्णालयाशी संबंधित नाही, मोटारीशी आहे. १९१७ मध्ये फ्रान्समधील ल मान्स येथे मोटारमालकांच्या संरक्षणासाठी 'देफांस ओतोमोबिल ए स्पोर्तिव्ह' ही संस्था निघाली. जर्मनीत त्याच आद्याक्षरांची संस्था १९२८ मध्ये आणि ड्युसेलडॉर्फ येथे 'आराग' ही कंपनी १९३५ मध्ये सुरू झाली. जर्मनीत हा विमा घरोघरी रुजला. ब्रिटनमध्ये तो १९७० च्या दशकाच्या मध्यास आला. तेव्हा सरकारी साहाय्य अस्तित्वात असल्याने त्याची निकड कोणाला भासली नाही. घराच्या पॉलिसीला थोड्या पौंडांची जोड म्हणून तो विकला गेला. आपल्या कपाटातील पॉलिसीत असे काही आहे, हे कित्येक घरमालकांना ठाऊकही नसे.

मोटारीच्या अपघातासाठी बेतलेला हा अंगरखा रुग्णाच्या अंगावर बसत नाही. अपघाताची तारीख निश्चित असते, साक्षीदार असतात, वाकलेला पत्रा दिसतो. वैद्यकीय चूक कित्येकदा वर्षांनी उमगते. पॉलिसी मात्र घटना कळल्यापासून ठरावीक मुदतीत सूचना द्या असे सांगते. अनेक पॉलिसींतून वैद्यकीय निष्काळजीपणा सरळ वगळलेला असतो. जेथे तो समाविष्ट असतो तेथे संरक्षणाची मर्यादा बहुधा ५० हजार किंवा १ लाख पौंड असते. अनेक तज्ज्ञ लागणाऱ्या दाव्यात ही रक्कम निकालाच्या पुष्कळ आधी संपू शकते.

याहून महत्त्वाची अट यशाच्या शक्यतेची. दावा जिंकण्याची शक्यता ५१ टक्के किंवा अधिक असली पाहिजे, असे विमा कंपन्या म्हणतात. ही शक्यता ठरवणार कोण? तज्ज्ञाचा अहवाल. अहवालाचा खर्च देणार कोण? विमा. आणि विमा लागू केव्हा होणार? शक्यता ठरल्यावर. येथे वर्तुळ पूर्ण होते. व्यवहारात कंपनीच्या यादीवरील सॉलिसिटर कागद चाळून पहिले मत देतो, आणि बहुसंख्य प्रकरणांचे भवितव्य त्या पहिल्या वाचनातच ठरते.

या यादीच्या प्रश्नावर युरोपीय समुदायाने २२ जून १९८७ रोजी एक निर्देश काढला. ब्रिटनमध्ये त्यानुसार १९९० मध्ये नियम झाले. विमाधारकाला आपला वकील निवडण्याचे स्वातंत्र्य आहे, असे त्यात म्हटले आहे. ब्रिटिश विमा कंपन्यांनी त्याचा अर्थ असा लावला की न्यायालयीन कार्यवाही सुरू होण्याच्या वेळेपासून हे स्वातंत्र्य लागू होते. तोवर यादीवरचाच वकील. इतर दाव्यांत या अर्थाने फारसे बिघडत नसेल. वैद्यकीय दाव्याची मात्र खरी लढाई कार्यवाही सुरू होण्यापूर्वीच होऊन जाते. रुग्णालयाचे कागद मिळवणे, योग्य तज्ज्ञ निवडणे, त्याला नेमके प्रश्न विचारणे, ही सर्व कामे त्याआधीची. निवडीचा हक्क हाती येतो तेव्हा निवडण्यासारखे थोडेच उरलेले असते. वैद्यकीय निष्काळजीपणासारख्या गुंतागुंतीच्या प्रकरणांत कंपन्यांनी ग्राहकाच्या पसंतीचा वकील लवकर मान्य करावा, अशी भूमिका तेथील आर्थिक लोकपालाने पुढे घेतली, ती यामुळेच.

युरोपीय न्यायालयाने २००९ च्या एशिग आणि २०१३ च्या स्नेलर या निकालांत निवडस्वातंत्र्याचा पुरस्कार केला. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २०१२ मध्ये ब्राउन-क्विन प्रकरणात, कंपनी वकिलाच्या दरावर मर्यादा घालू शकते, परंतु निवडीचा हक्कच पोकळ होईल इतकी नाही, असे सांगितले. हे निकाल रुग्णांच्या दाव्यांतून उद्भवलेले नाहीत. त्यांचा लाभ मात्र रुग्णांनाही झाला.

घर जळाल्यानंतरचा विमा

घटनोत्तर विम्याची कल्पना प्रथम ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते. घर जळाल्यावर विमा कोण देईल? परंतु येथे विमा इजेचा नसून पराभवाचा असतो, आणि पराभव अजून भविष्यात असतो. ही कल्पना रुजण्यास कायद्याची साथ लागली. १९९० च्या न्यायालये व विधिसेवा कायद्याने सशर्त शुल्क कराराला मान्यता दिली. १९९५ च्या आदेशाने शारीरिक इजेच्या दाव्यांत तो प्रत्यक्ष वापरता येऊ लागला. वकील हरल्यास शुल्क घेणार नाही. जिंकल्यास नेहमीच्या शुल्काशिवाय जास्तीत जास्त तेवढेच यशशुल्क घेईल. हरल्यावर प्रतिपक्षाचा खर्च आणि तज्ज्ञांचे शुल्क उरते, त्यासाठी विमा.

१९९९ च्या न्यायप्राप्ती कायद्याने या मांडणीला वेगळेच वळण दिले. १ एप्रिल २००० पासून शारीरिक इजेच्या बहुतेक दाव्यांचे सरकारी साहाय्य बंद झाले. वैद्यकीय निष्काळजीपणा मात्र त्यातून वगळला गेला, कारण चौकशीचाच खर्च इतका की कोणी वकील तो पदरचा घालणार नाही, हे सरकारलाही मान्य होते. त्याच वेळी, जिंकलेल्या वादीचे यशशुल्क आणि विम्याचा हप्ता दोन्ही हरलेल्या प्रतिवादीकडून वसूल करण्याची मुभा मिळाली. साहाय्यास अपात्र असलेल्या मध्यमवर्गीय रुग्णाला प्रथमच दार उघडले. २००१ च्या सरवार निकालात अपील न्यायालयाने सॉलिसिटरांना बजावले की नवा विमा घेण्यापूर्वी अशिलाला त्याच्या घराच्या, मोटारीच्या पॉलिसी आणावयास सांगा; त्यांत आधीच संरक्षण असू शकते. कपाटातील विस्मृत पॉलिसीला त्या दिवशी किंमत आली. २००२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने कॅलरी प्रकरणात, दाव्याच्या आरंभीच विमा घेऊन त्याचा हप्ता वसूल करण्याच्या पद्धतीत हस्तक्षेप करण्याचे नाकारले.

या रचनेतील दोष उघड होता. हप्ता बहुधा दावा संपेपर्यंत मागितलाच जात नसे. वादी हरला तर हप्ताही विम्यातच माफ होई. जिंकला तर तो प्रतिवादी भरे. वस्तू विकत घेणारा एक आणि पैसे देणारा दुसरा असल्यावर भाव कोण करणार? वैद्यकीय दाव्यांत तो देणारा म्हणजे आरोग्य सेवा, म्हणजेच करदाता. लॉर्ड जस्टिस जॅक्सन यांच्या जानेवारी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने ही वसुली थांबवण्याची शिफारस केली. त्याबरोबरच वैद्यकीय दाव्यांचे सरकारी साहाय्य मात्र कमी करू नये असेही बजावले. सरकारने पहिली सूचना स्वीकारली, दुसरी नाही. अहवालातून सोयीचे तेवढे उचलण्याची ही रीत आपल्याही परिचयाची आहे.

२०१२ च्या कायद्यानुसार १ एप्रिल २०१३ पासून वैद्यकीय निष्काळजीपणाचे सरकारी साहाय्य बंद झाले. गर्भावस्थेत, प्रसूतीवेळी किंवा जन्मानंतर ८ आठवड्यांच्या आत मज्जासंस्थेला झालेल्या गंभीर इजेचा तेवढा अपवाद ठेवला गेला. यशशुल्क वादीच्या भरपाईतून जाऊ लागले. भविष्यकालीन नुकसान वगळून उरलेल्या भरपाईच्या २५ टक्के ही त्याची कमाल मर्यादा ठरली. हरलेल्या वादीने प्रतिवादीचा खर्च सहसा देऊ नये असा नवा नियम आला. त्यामुळे विम्याची गरज कमी होईल ही अपेक्षा होती.

तरीही विधिमंडळाला एक वसुली कायम ठेवावी लागली. केवळ वैद्यकीय दाव्यांत, भरपाई १ हजार पौंडांहून अधिक असल्यास, कसूर आणि कार्यकारणसंबंध यांवरील तज्ज्ञ अहवालांच्या खर्चापुरता विम्याचा हप्ता प्रतिवादीकडून वसूल करता येतो. नुकसान किती झाले यावरील अहवालाला ही सवलत नाही. या अपवादाची व्याप्ती नीट पाहावी. साऱ्या इमारतीतून राज्याने नेमकी एक वीट शिल्लक ठेवली, ती 'दावा आहे काय' हे कळण्याच्या खर्चाची. आरोग्य सेवेच्या वकिलांनी या हप्त्यांच्या रकमेवर पुन्हा पुन्हा हरकती घेतल्या. जुलै २०१९ मध्ये वेस्ट प्रकरणात अपील न्यायालयापुढे आलेल्या दोन्ही दाव्यांत हप्ता सुमारे ५ हजार पौंड होता आणि दावे फार मोठे नव्हते. असे हप्ते एका दाव्यावर नव्हे तर दाव्यांच्या समूहावर बेतलेले असतात. म्हणून दाव्याच्या रकमेशी तुलना करून ते अवाजवी ठरवता येणार नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. लहान इजा झालेल्या रुग्णाला वगळले तर समूहच मोडतो, हा त्यातील आशय विम्याइतकाच समाजनीतीचाही आहे.

दाराशी कोण?

१९५० मध्ये दाराशी वकिलांची स्थानिक समिती होती. २०१९ मध्ये तेथे विमा कंपनी आणि तिच्या अटींनुसार चालणारा सॉलिसिटर आहे. दोघेही एकच प्रश्न विचारतात: दाव्यात तथ्य आहे काय? समितीचा निर्णय सार्वजनिक पैशाचा होता आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय होती. कंपनीचा निर्णय व्यापारी आहे आणि तो बहुधा एका पत्रात संपतो. समिती निर्दोष होती असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. मध्यमवर्गीय रुग्णाला तिने कधी आत घेतलेच नाही, आणि विम्याने त्याला आत घेतले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु ४५ टक्के शक्यतेचा दावा खोटा नसतो. तसे शंभर दावे चालले तर पंचेचाळीस जिंकतील. विम्याच्या दारातून त्यांतील एकही आत जात नाही.

महाराष्ट्राशी असलेला दुवा

आपल्याकडील एका जुन्या खटल्याचा येथे उल्लेख करणे अगत्याचे आहे. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. पुण्यात उपचार सुरू असताना तो दगावला. वडिलांनी शल्यविशारदाविरुद्ध दावा लावला. तो जोशी विरुद्ध गोडबोले या नावाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६८ मध्ये ३ हजार रुपयांची भरपाई कायम झाली. भारतातील वैद्यकीय उत्तरदायित्वाच्या कायद्यात हा निकाल पायाभूत मानला जातो. त्याची तत्त्वे सर्वत्र शिकवली जातात. वादी स्वतः डॉक्टर होते, या तपशिलाकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. आपल्याला दावा आहे काय, हे कळण्यासाठी त्यांना परक्या जाणकारावर सर्वस्वी अवलंबून राहावे लागले नाही. दुसऱ्या एखाद्या शेतकऱ्याचा मुलगा त्या वर्षी अशाच रीतीने गेला असेल, तर त्याचा खटला कोणत्याही निकालसंग्रहात नाही.

१९९५ च्या शांता निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली आणि न्यायालयाच्या शुल्काचा अडसर बराच कमी झाला. वकिलाने निकालावर अवलंबून शुल्क घेणे आपल्याकडे निषिद्ध असल्याने सशर्त शुल्काची वाट येथे बंद आहे. विम्याच्या बाबतीत परिस्थिती एकतर्फी आहे. डॉक्टरांची व्यावसायिक उत्तरदायित्व पॉलिसी बचावाचा खर्च देते. रुग्णाच्या बाजूने तशी पॉलिसी प्रचलित नाही. तज्ज्ञाच्या मताचा प्रश्न त्यामुळे विम्याऐवजी थेट न्यायपीठापुढे आला. २००९ मध्ये मार्टिन डिसूझा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की डॉक्टरला नोटीस काढण्यापूर्वी ग्राहक मंचाने तक्रार सक्षम डॉक्टरकडे किंवा समितीकडे पाठवावी. पुढच्याच वर्षी किशन राव प्रकरणात त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने ते बंधन प्रत्येक प्रकरणाला लागू करता येणार नाही असे ठरवले. त्या तक्रारीत मलेरियाच्या रुग्णावर विषमज्वराचे उपचार झाले होते, आणि तेवढे समजण्यास तज्ज्ञाची गरज नाही असे न्यायालयाला वाटले.